उजवा डोळा

मघाशी जेवताना शलाकानं मोबाइलवर तिच्या पणजीचा फोटो दाखवला. कुठल्याशा ॲपनं त्या बाईला पापण्या लववायला आणि मान हलवायला लावलं होतं. तुम्ही दोघं हसलात. मी हसलो नाही, आणि तुमच्या प्रेमाकाकू उठून आत गेल्या, तेही तुमच्या लक्षात आलं असेल. का ते सांगतो. पुष्कर, जिन्यातला दिवा आधी मालव, त्याच्यावर डास जमतात. शलाका, चटई घे, गच्चीचा दगड रात्री गार पडतो.

पुरुषोत्तम सबनीस म्हणून माझा मित्र होता. फॅक्टरीत उभी नोकरी आम्ही एकाच विभागात काढली. त्याची मुलगी मैत्रेयी, आमच्या अंगाखांद्यावर वाढलेली. पुरुषोत्तम गेला, पण ती इथेच इंदिरानगरात, आपल्या मागच्या गल्लीत राहते. हे घडलं तेव्हा तिचा नवरा सुहास कंपनीच्या कामासाठी पुण्याला होता. घरात ती आणि पाच वर्षांची ईरा, दोघीच.

मैत्रेयी एका कलासंग्रहालयात आहे. नाव सांगत नाही, सांगणार नाही असं तिला कबूल केलंय. तिचं काम जुन्या फोटोंचं. 'फोटो दुरुस्त करतेस ना,' असं मी म्हटलं की चिडायची. 'दुरुस्त नाही हो काका, जपते. आहे ते आणखी बिघडू द्यायचं नाही, एवढंच.' आणि एक नियम नेहमी सांगायची. जे पुन्हा पहिल्यासारखं करता येणार नाही, ते करायचं नाही.

तर मागच्या वर्षीचा जानेवारी. संग्रहालयात जुन्या स्टुडिओतल्या फोटोंचं प्रदर्शन भरणार होतं, आणि त्यासाठी एक फोटो आणायला मैत्रेयी शहराच्या जुन्या भागात, बसवनगुडीला गेली. फोटोचे मालक भीमाचार्य, पंच्याऐंशीच्या आसपासचे, शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले, घरी एकटे. त्यांच्या खाटेच्या समोर भिंतीवर तो फोटो होता. हातभर उंचीचा. खुर्चीत बसलेली एक तरुण बाई, अंगावर रेशमी साडी, नाकात मोती. मूळ फोटो काळापांढरा, त्याच्यावर हातानं रंग चढवलेले. साडी हिरवी, ओठ लालसर, आणि डोळे... डोळे फार सुंदर रंगवलेले. थेट बघणारे.

'ही माझी आई,' भीमाचार्य म्हणाले. 'मी रांगतसुद्धा नव्हतो तेव्हा ज्वरानं गेली. तिचा हा एकच फोटो. डोळ्यांजवळचा रंग सुटायला लागलाय, तेवढा वाचवा. आणि लवकर परत द्या.'

फोटो काढून घेतल्यावर भिंतीवर फिकट चौकोन राहिला. मैत्रेयी निघाली तरी ते त्या चौकोनाकडेच बघत होते.

लॅबमध्ये तिनं फोटो सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. रंग कुठे धरून आहे, कुठे सुटलाय, हे केसाकेसानं बघावं लागतं. डाव्या डोळ्यापाशी रंगाची एक खपली उचलली गेली होती. तिनं दिवा तिरपा केला आणि खपलीच्या खाली बघितलं.

खाली डोळा नव्हता.

म्हणजे उघडा डोळा नव्हता. मूळ फोटोत पापणी होती. मिटलेली. तिनं उजवीकडे बघितलं, तिथेही रंगाच्या भेगेतून पापणीची कड दिसत होती. मग तिला बाकीचं दिसायला लागलं. खुर्चीच्या पाठीवर टाकलेलं वस्त्र, त्याच्याआड मानेला दिलेला आधार. मांडीवर ठेवलेले हात, ठेवलेले... स्वतः ठेवलेले नव्हेत.

समजलं ना? बाई गेल्यावर काढलेला फोटो होता तो. जिवंतपणी फोटो काढायचा राहून गेला, म्हणून घरच्यांनी फोटोवाल्याला बोलावलं. तिला साडी नेसवली, खुर्चीत बसवलं. आणि फोटोवाल्यानं मागाहून मिटल्या पापण्यांवर उघडे डोळे रंगवून दिले. पोरक्या पोराला बघणारी आई मिळावी म्हणून.

प्रदर्शनाचा प्रमुख होता अजित, मुंबईहून आलेला, हुशार माणूस. त्याला हे कळल्यावर तो खूश झाला. म्हणाला, 'एका डोळ्यावरचा रंग काढ. एक उघडा, एक मिटलेला. लोक समोरून हलणार नाहीत.'

'काढलेला रंग परत येणार नाही,' मैत्रेयी म्हणाली. 'आणि त्या म्हाताऱ्यांना आपण काय सांगणार?'

'डावा तसाही गळतोच आहे. आज नाही तर उद्या जाईल. त्यांना मी सांगेन, तू काळजी करू नकोस.'

ती दोन दिवस टाळत राहिली. पण नोकरी करारावरची, अजितच्या शब्दावर चालणारी. शेवटी एका दुपारी ती बसली. कापसाच्या काडीला जेमतेम ओल लावून, सूक्ष्मदर्शकात बघत बघत, डाव्या डोळ्यावरचा रंग तिनं उतरवला. रंगाखालची पापणी स्वच्छ निघाली. एक डोळा झोपलेला. दुसरा तिच्याकडे बघत होता.

त्याच रात्री ती पाणी प्यायला उठली आणि सवयीनं ईराच्या अंगावरचं पांघरूण सारखं करायला वाकली.

ईरा झोपली होती. श्वास संथ, मूठ सैल. डावा डोळा मिटलेला.

उजवा उघडा.

अर्धवट नाही, चांगला सताड. पापणी लवत नव्हती. मैत्रेयीला वाटलं पोरगी जागी आहे, गंमत करते आहे. तिनं हाक मारली. ईरा हलली नाही. मैत्रेयी खाटेच्या पायथ्याकडे सरकली. डोळाही सरकला. तिच्यामागोमाग... हळू.

तिनं तळहात त्याच्यावर ठेवला. हाताला पापणीचे केस लागत होते. डोळा मिटला नाही.

सकाळी ईराला काही आठवत नव्हतं. तो डोळा मात्र लालबुंद झालेला. डॉक्टर म्हणाल्या, काही मुलं पापणी अर्धी उघडी ठेवून झोपतात, कोरडेपणा येतो, थेंब घाला. थेंब घातले. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री तेच. आठवडा गेला, पोरीला त्या डोळ्यानं अंधुक दिसायला लागलं. मैत्रेयी आमच्याकडे येऊन प्रेमाजवळ रडली, तेव्हा आम्हाला हे सगळं कळलं. मी इंजिनिअर माणूस. मीही म्हटलं, दुसऱ्या डॉक्टरला दाखवू.

मग महाशिवरात्र आली. बुधवार होता, सव्वीस फेब्रुवारी. आदल्या रात्री मैत्रेयी ईराच्या शेजारी जागत पडली होती, आणि ईरा झोपेत बोलली. ईराला कन्नड येत नाही बरं का. शाळेत इंग्रजी, घरात मराठी. दुकानातलं हवं-नको-थोडं, म्हणजे बेकु, बेडा, स्वल्प, एवढंच. ती पोरगी अगदी स्वच्छ, मोठ्या बाईच्या सुरात म्हणाली...

'मगु मलगिता?'

बाळ झोपलं का?

थोड्या वेळानं पुन्हा. 'मगु मलगिता?' उजवा डोळा छताकडे लागलेला. रात्रभर, राहून राहून, तेवढाच प्रश्न.

संध्याकाळी मैत्रेयी ईराला आमच्याकडे सोडून बसवनगुडीला गेली. अजित म्हाताऱ्यांशी बोललाच नव्हता. तिनं सगळं सांगायचं ठरवलं होतं, नोकरी गेली तरी.

भीमाचार्य खाटेवर बसले होते. महिन्याभरात माणूस निम्मा झाला होता. डोळे खोल गेलेले.

'तुम्हाला बरं नाही का?' तिनं कन्नडमध्ये विचारलं.

'झोप नाही,' ते म्हणाले. 'तुम्ही फोटो नेलात त्या रात्रीपासून डोळ्याला डोळा लागलेला नाही. हसाल तुम्ही. पण लहानपणी आजी मला त्या फोटोसमोर निजवायची. म्हणायची, अम्मा बघते आहे, झोप आता. तेव्हापासून या वयापर्यंत... ती समोर असल्याशिवाय मी झोपलेलो नाही. लग्न झालं, बायको गेली, तरी भिंतीवर ती हवीच.'

मैत्रेयीनं ईराचं सांगितलं. ती कोणता प्रश्न विचारते, तेही सांगितलं. मग फोटोचं सांगितलं. मिटल्या पापण्यांचं, मानेमागच्या आधाराचं. एका डोळ्यावरचा रंग आपल्याच हातानं काढला, तेही.

म्हातारे भिंतीवरच्या फिकट चौकोनाकडे बघत राहिले.

'म्हणजे ती गेल्यावरसुद्धा आम्ही तिला जागं ठेवलं,' ते म्हणाले. 'माझ्यासाठी.'

'आचार्य, मी...'

'मला तिच्याकडे न्या. आत्ता.'

'आत्ता संग्रहालय बंद असेल. उद्या सकाळी नेते.'

'उद्यापर्यंत तुमच्या मुलीचा डोळा?' ते म्हणाले, आणि चपला शोधायला लागले.

संग्रहालयाच्या रखवालदारानं मैत्रेयीला ओळखून आत सोडलं. लॅबमध्ये तिनं टेबलावरचा एकच दिवा लावला. फोटो टेबलावर आडवा, दिव्याखाली. भीमाचार्य वाकून बघत राहिले. एक डोळा झोपलेला, एक जागा. त्यांनी फोटोला हात लावला नाही. फक्त म्हणाले, 'दुसराही मिटवा.'

'हा रंग गेला की परत येणार नाही. तुमच्या आईचे डोळे पुन्हा कधी दिसणार नाहीत.'

'ते तिचे डोळे नव्हतेच ना,' ते म्हणाले.

मागच्या भिंतीला लागून एक बाकडं होतं. त्याच्यावर ते जाऊन बसले, मग आडवे झाले, भिंतीकडे तोंड करून. मैत्रेयीनं सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले.

हे पुढचं तिनं मला एकदाच सांगितलं. पुन्हा विचारलं तर उठून जाते.

रंगाची पहिली कड सुटली. लांबच्या देवळातल्या भजनाचा आवाज खिडकीतून येत होता. तिनं काडी बदलली. बाहुलीचा काळा रंग थोडा निघाला. मग तिला जाणवलं, भजन ऐकू येत नाहीये. थांबलं असेल. एसीचा आवाजही नव्हता.

आणि मागून आवाज आला.

थप.

हलका. कापडावर तळहात पडावा तसा.

थप... थप...

तुम्हाला तो आवाज माहीत आहे. प्रत्येकाला माहीत असतो. मूल कुशीवर झोपलं की आई पाठीवर थोपटते ना. तो.

थप... थप... थप...

तिनं मान वळवली नाही. मागे बाकड्यावर म्हातारे एकटे होते. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. दाराला आतून कडी होती, तिनंच घातलेली.

काडी थरथरायला लागली. थरथरती काडी लागली तर खालचा फोटो खरवडून निघेल. तिनं श्वास रोखला. मनगट टेबलाला दाबून धरलं. पांढरा रंग... निघाला. कडेचं काजळ... निघालं. खालून पापणी वर येत होती. थोपटणं संथ होत गेलं. दोन आवाजांमधलं अंतर वाढत गेलं.

थप...

शेवटचा ठिपका राहिला होता. डोळ्यातल्या चमकेचा, पांढरा.

अगदी कानाशी, मागून, कुणीतरी विचारलं. कुजबुजत. झोपलेलं मूल उठू नये म्हणून बोलतात तसं.

'मगु मलगिता?'

मैत्रेयीला मागे बघणं शक्य नव्हतं. पण आई होती ना तीही. कुठल्याही आईला त्या प्रश्नाचं उत्तर द्यावंच लागतं. ती म्हणाली...

'मलगिदे अम्मा.'

झोपलंय.

तिनं तो ठिपका उचलला.

थोपटणं थांबलं.

आता त्याच रात्री इकडे काय झालं ते सांगतो, कारण इकडे मी होतो. ईरा वरच्या खोलीत होती. तुम्ही राहता त्याच खोलीत, हो. मी खुर्ची घेऊन खाटेशी बसलो होतो. तोपर्यंत माझा विश्वास नव्हता. पोरगी झोपली, आणि तो डोळा उघडा राहिला. मी दिव्याकडे गेलो, पण डोळा माझ्यामागे वळला नाही. दाराकडे लागला होता. जणू जिन्यावरून कुणी चढून येणार आहे. प्रेमा दारात येऊन उभी राहिली आणि तशीच मागे सरकली. ती म्हणते, डोळा तिच्याकडे बघत नव्हता, तिच्या मागे बघत होता.

किती वेळ गेला, माहीत नाही. मग ईरानं एक सुस्कारा सोडला. दमलेल्या बाईसारखा. आणि पापणी खाली आली. हळूहळू. अर्धी... पाऊण... पूर्ण.

मी तिथेच बसून राहिलो.

तिकडे मैत्रेयी अखेर वळली. भीमाचार्य कुशीवर झोपले होते, तोंड उघडं, हात उशाशी. तिला वाटलं, गेले. जवळ जाऊन नाकाशी बोट धरलं. श्वास चालू होता. गाढ झोप. ती जमिनीवर बसून राहिली, उजाडेपर्यंत. त्यांना उठवायची तिची छाती झाली नाही.

ईराचा डोळा पंधरवड्यात बरा झाला. आता व्यवस्थित दिसतं तिला, तुम्ही पाहिलीच आहे परवा, सायकल शिकत होती. अजित मात्र भडकला. त्याचा एक उघडा-एक मिटलेला गेला. मैत्रेयीनं सांगितलं, फोटो त्यांच्या आईचा, निर्णय त्यांचा. फोटो प्रदर्शनातून निघाला आणि मार्च संपता संपता तिचा करारही. काही दिवस घरी बसली. आता दुसरीकडे काम मिळालंय, बरं चाललंय.

गोष्ट संपली, असं वाटलं तुम्हाला? मलाही वाटलं होतं.

फोटो परत द्यायचा होता. मैत्रेयीनं आमच्याच जेवणाच्या टेबलावर तो नवीन चौकटीत बसवला. काच आणि फोटो यांच्यात बोटभर जागा ठेवली, मागून चारी कडा पट्टीनं बंद केल्या. आत धूळ नाही, ओल नाही, हवा जाणार नाही. मी स्वतः हात फिरवून बघितलं. काम चोख होतं.

एप्रिलच्या सुरुवातीला आम्ही दोघं तो घेऊन बसवनगुडीला गेलो. भिंतीला भोक पाडायला मी. संध्याकाळची वेळ, बाहेर कोरडं ऊन, पंखा गरगरत होता. भीमाचार्यांनी दार उघडलं. चेहरा भरला होता. म्हणाले, आता झोप लागते, फोटो नसला तरी लागते. पण ती घरी आली हे बरं झालं.

फोटो टांगला. मिटल्या डोळ्यांची बाई. शांत दिसत होती. मैत्रेयी आत कॉफी करायला गेली. म्हातारे खाटेवर आडवे झाले आणि बोलता बोलता त्यांना डुलकी लागली. मी चौकट सरळ आहे का ते बघायला जवळ गेलो.

काचेवर एक धुरकट डाग होता. नाण्याएवढा. मी रुमालानं पुसला.

पुसला गेला नाही.

पुन्हा पुसला. मग कळलं... डाग बाहेरून नव्हता. आतून होता. जिथे काहीही जाऊ शकत नाही तिथे. बरोबर बाईच्या नाकाखाली.

मी बघत असताना तो लहान झाला. विरला. काच स्वच्छ.

मग पुन्हा आला.

मोठा झाला... विरला. मोठा झाला... विरला. गाढ झोपलेल्या माणसाचा श्वास असतो तसा. संथ.

मी वळून खाटेकडे बघितलं. भीमाचार्यांची छाती वर-खाली होत होती. मी दोन्हीकडे आळीपाळीनं बघत राहिलो. वाटलं, कसंतरी त्यांच्याच श्वासाचं असेल हे.

काचेवरचा श्वास त्यांच्याशी जुळत नव्हता.